महिन्याची यादी कुठे गेली? मुंबईकरांची ऑनलाइन खरेदी

पागोळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. हा धागा काढण्यामागे एक हिशेब आहे. गेल्या रविवारी दुपारी मी फोनवरच्या सगळ्या ॲपमधल्या महिन्याभराच्या ऑर्डरी एका वहीत उतरवून काढल्या. आम्ही मुलुंडला राहतो. घरात चार माणसं: आम्ही दोघं, कॉलेजातला मुलगा आणि सासूबाई. ऑर्डरी निघाल्या ४३. कपडे, चार्जर, मुलाची पुस्तकं अशा त्यात सहाच. बाकीच्या ३७ वाणसामान आणि भाजीच्या, दहा-पंधरा मिनिटांत दारात येणाऱ्या. कोथिंबीर ११ वेळा. आलं ७ वेळा. एकदा नुसतं दही. एकदा काडेपेट्या, आणि तेवढ्यासाठी ऑर्डर जाईना म्हणून बिस्किटांचे दोन पुडे.

वरचे आकार वेगळे मोजले. डिलिव्हरी, हँडलिंग, लहान ऑर्डरचा आकार, दोनदा पावसाचा आकार, सगळे मिळून ६१२ रुपये. एवढ्यात आमचं महिन्याचं गव्हाचं पीठ येतं.

पैशांचं दुःख आहेच, पण वही मिटली तेव्हा मला आईची यादी आठवली. माझं माहेर लालबागचं. बाबांचा पगार सात तारखेला व्हायचा. सहा तारखेच्या रात्री आई कॅलेंडरचं सरलेल्या महिन्याचं पान फाडायची आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायला बसायची. मी फळीवरचे डबे उघडून ओरडून सांगायची, तूरडाळ दोन वाट्या, साबुदाणा संपला, रवा तळाला. चतुर्थी कधी आहे, गावाहून कोण येणार आहे, पन्ह्यासाठी गूळ जास्त लागणार का, हे सगळं त्या पानावर उतरायचं. दुसऱ्या दिवशी यादी वाण्याकडे जायची आणि संध्याकाळी त्याचा माणूस खोकं डोक्यावर घेऊन तीन जिने चढून यायचा. सामान घरपोच येणं आमच्या पिढीला नवीन नाही. तेव्हाही येत होतं. पण त्याआधी घरात एकदा बसून विचार व्हायचा, डबे उघडले जायचे. आता डबा उघडला जातो तो संपल्यावर, गॅसवर फोडणी असताना.

मला वाटतं, फोनमुळे आपली महिन्याचा विचार करण्याची सवय गेली, आणि दुकानात जाणं बंद झालं त्यापेक्षा हे जास्त मोठं आहे. तुमच्याकडे काय चालतं ते मनापासून सांगा. शक्य असेल तर एक महिन्याच्या ऑर्डरी मोजून सांगा.

सातरस्ता

पागोळी, लेख आवडला, पण एका बाबतीत मी तुमच्याशी भांडणार आहे. आमची खोली १८० फुटांची. त्यात पाच माणसं. महिन्याचं सामान भरायला फळी लागते, आणि ती फळी आता मुलीच्या अभ्यासाच्या पुस्तकांना दिली आहे. जुलैत आमच्या भिंतींना ओल धरते. दोन किलो रवा आणला तर पंधरा दिवसांत जाळी आणि अळ्या. अर्धा किलो मागवणं हा आमचा आळस नाही, जागेचा हिशेब आहे.

दुसरं, तुमच्या आईला सहा तारखेच्या रात्री बसायला वेळ होता. मी सकाळी ७:१२ ची लोकल धरते आणि रात्री साडेआठला घरी पोचते. करी रोडला गाडीत उभ्या उभ्याच माझी यादी होते. दादर येईपर्यंत भाजी, कुर्ला येईपर्यंत दूध. उतरून रिक्षाच्या रांगेत लागले की ऑर्डर टाकते आणि मी जिना चढताना पिशवी दाराशी असते. ती वीस मिनिटं मला मुलीजवळ बसायला मिळतात. माझ्या आईला ती मिळाली नाहीत, ती रोज भाजीगल्लीत रांगेत होती.

पागोळी

सातरस्ता, ओलीचं अगदी पटलं. लालबागला आई डाळीत लवंगा आणि तांदळात बोरिक पावडर लावायची, तरी पावसाळ्यात ती यादी निम्मीच करायची, हे मी विसरले होते. आणि वीस मिनिटांच्या मोलाबद्दल मला काहीच बोलायचं नाही.

ओसरी

मी ७१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, गोरेगावला एकटी राहते. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. औषधं, दूध, केळी, संत्री, सगळं फोनवरून मागवते. पूर्वी दहा रुपयांच्या सुतळीसाठी शेजारच्या मुलाची वाट बघावी लागायची. ती मिंधेगिरी संपली, हे माझ्या वयाच्या बायकांना किती मोठं आहे ते तरुणांना सांगून कळणार नाही.

मात्र पैसे मी रोखच देते. त्यालाही कारण आहे. दोन वर्षांपूर्वी मला मेसेज आला की तुमच्या पार्सलचा पत्ता अपुरा आहे, खालच्या लिंकवर दोन रुपये भरा म्हणजे पार्सल निघेल. त्या आठवड्यात मी खरंच चपला मागवल्या होत्या, त्यामुळे मला ते खरं वाटलं. लिंक उघडल्यावर कार्डाचा क्रमांक मागितला. मी अर्धा भरला होता. तेवढ्यात भाचीचा फोन आला, ती बँकेत आहे. ती एकच वाक्य बोलली, "मावशी, फोन खाली ठेव आणि कशालाही हात लावू नकोस." माझे पैसे वाचले. माझ्या वर्गमैत्रिणीचे याच पद्धतीने ३८ हजार गेले. तिने दोन दिवस लाजेने घरात सांगितलं नाही. कृपा करून सगळ्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० हा क्रमांक पाठ करून घ्या. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता असते. लाजण्यात गेलेला वेळ चोराच्या उपयोगी पडतो.

काल्हेर रोड

बरीच वर्षं फक्त वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. मी भिवंडीच्या गोदामात परत आलेल्या मालाच्या विभागात काम करतो. आमच्याकडे एवढी गोदामं का, हे मुंबईत फार जणांना माहीत नसतं. मुंबईच्या वेशीवर जकात होती तेव्हा माल जकातीच्या हद्दीबाहेर उतरायचा, मानकोली, काल्हेर, पूर्णा अशा गावांत, आणि लागेल तसा शहरात जायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामं मात्र राहिली आणि वाढत गेली. तुमचं बटण दाबलं की बऱ्याचदा पहिली हालचाल इथे होते.

परतीच्या टेबलावर सगळ्यात जास्त येतात ते कपडे. लोक एकच कुर्ता तीन मापांत मागवतात आणि दोन परत पाठवतात. आमचं काम म्हणजे ट्यूबलाइटखाली उलटून बघायचं, काखेचा वास घ्यायचा, टॅग आहे का, शिवण सुटली का. एकदा एका नव्या कोऱ्या अनारकलीच्या गळ्याच्या आत छोटी मरून टिकली चिकटलेली सापडली. कुणीतरी लग्नात घालून, टॅग आत दुमडून, परत केली होती. एका जीन्सच्या खिशात ठाणे-दादर परतीचं तिकीट होतं. असा माल पुन्हा नवा म्हणून जात नाही. तो लॉटमध्ये ठोक निघतो, नुकसान कुणाच्या तरी खात्यावर पडतं, आणि बऱ्याच वेळा ते सुरतेच्या किंवा उल्हासनगरच्या छोट्या विक्रेत्याच्या.

दिवाळीनंतरचे दहा दिवस आमच्याकडे परतीच्या गोण्या छतापर्यंत लागतात. तुम्ही यादीबद्दल लिहिलंत म्हणून सांगतो, मला इथून सगळ्या शहराची बिनयादीची खरेदी दिसते. मिक्सर, चादरी, मुलांचे बूट, सगळं मागवून बघू म्हणून मागवलेलं. परत पाठवणं फुकट आहे असं ॲपवर लिहिलेलं असतं. ते कुणालाच फुकट नसतं.

वहीखातं

काल्हेर रोड, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. असेच लिहीत राहा.

आमचं भांडुपला वाणसामानाचं दुकान आहे, आजोबांपासून. पागोळींची यादी वाचून दुकानातल्या जुन्या लाल वह्या काढून बघितल्या. एकेका घराचं एकेक पान. महिन्याच्या सुरुवातीला मोठी यादी, मग सुटे पुडे, मग पगाराला जमा. आता वह्या आहेत, पण पानं कुणाची? ज्यांचा पगार लांबतो त्यांची. बांधकामावरचे, घरकाम करणाऱ्या ताई, शिपाई. त्यांना ॲप उधार देत नाही. ज्यांच्या हातात रोख आहे ते गिऱ्हाईक फोनवर गेलं, आणि उधारीचं तेवढं आमच्याकडे राहिलं. दुकान दोन्हींवर चालायचं, रोखीच्या जिवावर उधारी सोसायची. ते गणित मोडलंय.

एप्रिल २०२० मधली गोष्ट सांगते. टाळेबंदीत ॲपवर महिनाभर डिलिव्हरीच्या वेळा मिळत नव्हत्या, तेव्हा समोरच्या टॉवरमधल्या ८४ घरांच्या याद्या माझ्या व्हॉट्सॲपवर येत होत्या. बाबा वाशीच्या बाजारातून टेम्पो भरून आणायचे, तोही पोलिसांचा पास घेऊन. मी आणि भाऊ रात्री दोनपर्यंत पिशव्या भरत होतो, प्रत्येक पिशवीवर खडूने फ्लॅट नंबर. फाटकावर ठेवून यायचो. त्या ८४ पैकी आज किती येतात? सहा-सात. मला राग नाही, माणूस सोय बघणारच. पण जून उजाडल्यावर एकाही घराने एकदा येऊन "तुम्ही होतात म्हणून निभावलं" एवढंसुद्धा म्हटलं नाही, त्याचं बाबांना लागलं. ते बोलत नाहीत, पण लागलं.

पागोळी

वहीखातं, आमच्या इमारतीखाली असंच एक दुकान आहे. उद्या जाते. उशीर झालाय, तरी जाते.

हिंदमाता

थोडं वेगळं विचारते. मी साड्या कायम दादरला हिंदमाताच्या दुकानांतून किंवा मंगलदास मार्केटमधून घेत आले. या वेळी पहिल्यांदा इन्स्टाग्रामवर व्हिडिओ बघून एका पेजवरून पैठणी घेतली, ४,८०० रुपये आगाऊ यूपीआयने. व्हिडिओत मोरपंखी रंग होता, आली ती फिकट हिरवी, आणि पदर छापील. मोर विणलेला नाही, छापलेला. नखाने खरवडला तर रंग उठतो. पेजवाल्यांनी दोन दिवस उत्तरं दिली, मग ब्लॉक केलं. मुलीच्या बारशाला नेसायची होती. काय करता येईल?

ग्राहकमित्र

हिंदमाता, आधी साडीचे, पदराचे, पार्सलवरच्या पत्त्याचे फोटो काढून ठेवा. जाहिरातीचा व्हिडिओ आणि सगळ्या मेसेजेसचे स्क्रीनशॉट घ्या, पेज गायब व्हायच्या आत. यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. विक्रेता मुद्दाम ब्लॉक करून पसार झालाय, त्यामुळे १९३० वरही नोंद करा. ओसरीताईंनी तो क्रमांक वर दिलाच आहे.

खरं सांगायचं तर पत्ता न देणाऱ्या पेजवरून पैसे परत मिळवणं अवघड असतं. मोठ्या ॲपवर घेतलं असतं तर तुमचा हात वर होता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि त्याखालचे ई-कॉमर्सचे नियम २३ जुलै २०२० ला निघाले. त्यानुसार प्रत्येक ऑनलाइन विक्री कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं. वस्तू सदोष असेल, जाहिरातीसारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. "सेलमधला माल परत नाही" हे अशा वेळी चालत नाही, ते कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असो.

तेवढ्याने झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असो की गुरुग्रामला, तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षं. ऑनलाइन दाखल करता येते. मी स्वतः आईच्या वॉशिंग मशीनसाठी हे केलं आहे. कंपनीने नऊ महिने टोलवलं, आयोगाची नोटीस गेल्यावर अकराव्या दिवशी माणूस नवं मशीन घेऊन आला.

पागोळींच्या ६१२ रुपयांबद्दलही. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ॲपवर गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार दिलेत. "फक्त २ उरले" अशी खोटी घाई, न विचारता कार्टमध्ये भर टाकणं, आणि सुरुवातीला एक किंमत दाखवून शेवटच्या पानावर आकार चढवत नेणं, हे तिन्ही त्यात आहेत. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे तुमची संमती नाही, हे तर २०२० च्या नियमांतच आहे. पैसे भरायच्या आधी शेवटचं पान वरपासून खालपर्यंत वाचायची सवय लावा.

हिंदमाता

मनापासून आभार. आज दोन्ही ठिकाणी नोंद केली, तक्रार क्रमांक मिळाले. बारशाला आईची जुनी पैठणी नेसते.

पाचवा मजला

मी अंधेरीत पावणेदोन वर्षं ॲपच्या ऑर्डरी पोचवणारा रायडर होतो, आता आयटीआय पूर्ण करून दुसरीकडे लागलो. तुमच्या कोथिंबिरीबद्दल बोलतो. एका घरात मी एका संध्याकाळी तीनदा गेलोय. आधी पनीर, मग क्रीम, मग कोथिंबीर. तिसऱ्या वेळी काकूंनी स्वतः पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "विसरले रे बाळा." त्यांच्यावर माझा राग नव्हता. तिन्ही वेळा पैसे मिळाले, कारण आम्हाला ऑर्डरमागे मिळतं. तुम्ही सगळ्यांनी यादी करून महिन्याला एकदा मागवलं तर माझ्यासारख्यांच्या फेऱ्या कमी होतील, हेही या धाग्यात कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितोय.

पण लिफ्टचं लिहितोच. पुष्कळ सोसायट्यांत आम्हाला सामानाच्या लिफ्टने पाठवतात, ती बंद असली तर जिन्याने. खाली बाइक नो पार्किंगमध्ये, वर बेल वाजवली तरी कुणी दार उघडत नाही, आणि फोनवर वेळ पळत असते. पावसात रेनकोटच्या आत फोन, बोटं ओली, ओटीपी टाइप होत नाही. तुम्ही दार उघडून ओटीपी तोंडपाठ सांगितलात तर आमचं अर्धं मिनिट वाचतं. ते अर्धं मिनिट पुढच्या सिग्नलला उपयोगी पडतं, लाल तोडावा लागत नाही. गिग कामगार, म्हणजे आमच्यासारखे कामागणिक पैसे मिळणारे, ही व्याख्या आपल्या कायद्यात पहिल्यांदा आली ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. त्या कागदापासून आमच्या हेल्मेटपर्यंतचं अंतर अजून बरंच आहे.

सातरस्ता

पाचवा मजला, आजपासून ओटीपी हातात घेऊन दार उघडीन. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मोगरा

पागोळी, यादी संपलेली नाही हो. आमच्या पार्ल्यात ती अजून चालू आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करते. शेजारची काही कुटुंबं मिळून एक संघ. महिन्यातून एकदा प्रत्येक घर आपली मागणी देतं, पंचायत घाऊक खरेदी करते, माल संघातल्या एका घरी उतरतो आणि आम्ही सगळ्या मिळून वाटतो. माझ्या सासूबाई सुरुवातीच्या काळातल्या. आमच्या घरी वाटप असलं की हॉलमध्ये सतरंजी, मधोमध डाळींचे पुडे, एकीच्या हातात यादी, ती नाव वाचणार, दुसरी पुडे मोजणार. दीड तासात काम, मग चहा. कुणाची मुलगी अमेरिकेला गेली, कुणाचं ऑपरेशन झालं, हे आम्हाला तिथेच कळतं. मोबाइलवर एवढं सगळं असूनही मी सोडलेलं नाही, कारण त्या दिवसाआधी मला माझे डबे उघडून बघावे लागतात. डीमार्टने २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान काढलं तेव्हाही आमचा संघ होता आणि दहा मिनिटांत सामान देणारी झेप्टो २०२१ मध्ये याच शहरात सुरू झाली तेव्हाही होता. भाजी आणि दूध मात्र मीही फोनवरूनच घेते, लपवत नाही.

पागोळी

मोगरा, अंगावर रोमांच आले वाचताना. मुलुंडला चौकशी करते.

सगळ्यांना सांगायचं म्हणजे, काल रात्री यादी केली. कॅलेंडरचं पान फाडलं, सासूबाईंना हाक मारली. त्या मोढ्यावर बसून डबे उघडत होत्या, मी लिहीत होते, आणि मुलगा येऊन बघत उभा राहिला. ३४ ओळी झाल्या. हळद संपायला आली हे मला माहीतच नव्हतं. आणि मोहरीचे दोन डबे निघाले, दोन्ही अर्धे, दोन्ही मीच वेगवेगळ्या दिवशी मागवलेले. सातरस्ताचं ऐकून रवा आणि शेंगदाणे पंधरा दिवसांचेच लिहिले. आज सकाळी यादी खालच्या दुकानात दिली. दुकानदारांनी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि एवढंच विचारलं, "ताई, साबुदाणा अर्धाच? आषाढी आलीय."

एक किलो केला.

सातरस्ता

आणि कोथिंबीर?

पागोळी

ती यादीत नाही. स्टेशनाबाहेर एक आजी बसतात, येताना त्यांच्याकडून घेते. आज २० रुपये जुडी होती, मुळांसकट. निवडून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवलीय. किती दिवस टिकते ते रविवारी लिहिते.